पेटीवर काही ठेवलंय का?

मोतुहिफो बेट,
५ सप्टेंबर

चि. फेआओ यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी खुशाल आहोत, म्हणजे हिंगानो आत्या जितकं खुशाल राहू देतात तितक्या.

ईस्टरला येऊन तू आत्यांच्या खोलीत ती बॅटरीची पेटी बसवून गेलास, तेव्हापासून गावात तुझाच बोलबाला आहे. रविवारी पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, तेव्हा आत्यांनी सगळ्या देवळाकडे मान वळवून बघून घेतलं. त्यांचा भाऊ, म्हणजे आपले वडील, गेल्यापासून त्यांना एवढं फुगलेलं मी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या की पोरगा हुशार आहे, पण भात खाताना आवाज करतो, त्याचं काय ते शहरात बघा.

आता मुद्द्याचं लिहिते. गेल्या महिन्यापासून पेटी रात्र काढत नाही. डॉक्टरांनी दिलेलं ते श्वासाचं मशीन संध्याकाळी नीट सुरू होतं, पण पहाट व्हायच्या आधी बंद पडतं. झोपेत आत्यांचा श्वास अडकतो हे तुला ठाऊक आहे. मशीन थांबलं की त्या दचकून उठतात आणि उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहतात. मग वेळ घालवायला जुन्या चटयांची उसवलेली टोकं विणत बसतात. आपल्या घरात एक चटई धड फाटू देतील तर शपथ. पण बोटं थरथरतात, आणि मला ते बघवत नाही.

तू दिलेलं मीटर लावून पाहिलं. पेटीत वीज भरताना तीनचा आकडा दिसायला हवा असं तू सांगितलं होतंस. काल दुपारी एकच्याही खाली होता. ऊन तर डोळे दिपवणारं होतं. आत्या म्हणाल्या की भाच्यानं पेटी केली की बिस्किटाचा डबा, ते एकदा विचार. मी विचारते आहे.

समुद्राखालची तार तुटल्यापासून फोन मुकाच आहे, त्यामुळे हे पत्र बोटीनं येतंय. उत्तर त्याच बोटीनं पाठव. उशीर बोटीनं केला तर केला, तू करू नकोस.

तुझी,
तोआकासेताई


नुकुआलोफा,
१७ सप्टेंबर

ती. ताईस,
फेआओचा साष्टांग नमस्कार, आणि आत्यांना खाली बसून नमस्कार.

पत्र वाचलं. बिस्किटाचा डबा म्हणायचा मान आत्यांचाच, तेव्हा मुकाट्यानं गिळतो. भाताच्या आवाजाबद्दल दुकानात कुणाची तक्रार नाही, हे त्यांना कळव. नको, कळवू नकोस.

ताई, समोर बसून तुझ्याशी इतकं बोलायची माझी कधी छाती झाली नसती. भावानं बहिणीच्या खोलीत पाय टाकू नये, तिच्याशी थट्टा करू नये, यातच आपण वाढलो. कागदाला उंबरा नसतो, म्हणून बरं. आता नीट ऐक.

पेटी म्हणजे घरामागची पावसाच्या पाण्याची टाकी समज. टाकी फुटकी नाही, तर धार बारीक झाली आहे. दिवसभर धार बारीक पडली तर टाकी भरणार कशी, आणि रात्रभर पुरणार कशी? धार का बारीक झाली, एवढंच शोधायचं. छपरावरच्या सोलर पॅनलवर मीठ आणि राख बसली असेल. गोड्या पाण्यानं धू, घासू नकोस. मग वायरचे सगळे सांधे बघ. हिरवं काही दिसलं तर ते मीठ आहे, चाकूनं खरवडून पुन्हा घट्ट पिळ. मीटर एकदा पॅनलपाशी लाव आणि एकदा पेटीपाशी, दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते लिही. आणि तो तीनचा आकडा सकाळी, दुपारी आणि ऊन उतरताना असा पाहा. एका वेळच्या आकड्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.

दोन गोष्टी मुद्दाम विचारतो. पेटीवर ऊन येतं का? आणि पेटीवर काही ठेवलंय का? बॅटरीच्या अंगाला मी तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा मणी चिकटवला आहे. पेटी तापली की तो मणी पॅनल आणि पेटीच्या मधल्या चार्जरला सांगतो, आणि चार्जर आपण होऊन धार कमी करतो. रखवालदारच तो. म्हणून विचारतो.

आपल्याकडच्या बेटांवरून येणाऱ्या दहा बॅटऱ्यांतल्या नऊंना मीठ खातं. तेव्हा काळजी करू नकोस, बहुधा वायरच असेल. आत्यांना रात्री उशा उंच दे.

लोभ आहे तसाच राहू दे, धार त्याची तरी बारीक होऊ नये.

तुझा,
फेआओ


मोतुहिफो,
३ ऑक्टोबर

चि. फेआओ यास,
ताईचे आशीर्वाद आणि आत्यांचे टोमणे, दोन्ही घे.

सांगितलंस ते सगळं केलं. छपरावर चढले, तर शेजारणी खाली उभ्या राहून हसत होत्या, की नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला झाडावर चढतो आणि बायको इथं छपरावर. पॅनल धुतलं. राख खूप निघाली. एका सांध्याला हिरवं होतं, ते खरवडलं. दोन्हीकडचे आकडे जुळतात. वायरचा दोष असावा असं मला वाटत नाही.

आता आकडे. सकाळी उन्हं आल्याबरोबर तीनच्या जवळ जातो, अगदी तू म्हणालास तसा. मला वाटलं झालं काम. पण उन्हं चढतात तसा तो उतरत जातो. दुपारी ऐन भरात पाऊण. संध्याकाळी ऊनच नसतं, तेव्हा काय बघायचं? म्हणजे ऊन वाढतं तशी धार कमी होते. हे उलटं कसं, मला तर भुताटकी वाटली.

तू विचारलंस त्याचं उत्तर. पेटीवर उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही, खिडकीखाली सावलीत आहे, समुद्राचा वारा येतो. आणि पेटीवर काही ठेवलेलं नाही. अरे, कुणाची हिंमत आहे? आत्यांनी त्या पेटीला घरातल्या थोरल्याचा मान दिलाय. तिच्यावरून हात नेऊन काही घ्यायचं नाही, समोरून जाताना वाकून जायचं. माझी नणंद आली होती, तिनं सवयीनं वर कप ठेवला. आत्यांनी तिला असं झापलं की बिचारी चहा न पिताच गेली.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. परवा मशीन बंद पडलं आणि आत्यांना जाग आली नाही. मला आली, का ते देवाला ठाऊक. ओठ निळे पडले होते. मी गदागदा हलवलं तेव्हा कुठं श्वास घेतला. मोठ्या माणसाच्या अंगाला असा हात लावल्याबद्दल मी सकाळी माफी मागितली. त्या म्हणाल्या की पुढच्या वेळी जोरात हलव, बाहुली आहे का मी. त्या हसल्या, मला हसू आलं नाही.

फेआओ, लवकर काहीतरी कर. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या पत्राची वाट आणि तुझ्यावर भरवसा, दोन्ही धरून बसलेली,
ताई


नुकुआलोफा,
१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझे आकडे वाचून मी दुकानात उभ्याउभ्या मांडीवर थाप मारली. इतके नीट आकडे मला इथली शिकलेली गिऱ्हाइकंही आणून देत नाहीत. भुताटकी नाही, ताई. सकाळी धार चांगली आणि दिवस तापला की बारीक, याचा एकच अर्थ आहे. पेटी तापली आहे असं तो काळा मणी चार्जरला सांगतोय.

आता, पेटी सावलीत आहे, वारा लागतो, वर काही नाही. मग ती तापेल कशी? तापत नाही. मणी खोटं बोलतोय. खाऱ्या हवेनं त्याचे पाय कुजले की तो असं करतो, मी इथं कितीतरी पाहिलेत. नवा मणी मागवला आहे, पण तो न्यूझीलंडहून येणार, म्हणजे नाताळ उजाडणार. तोवर आत्यांचं काय? निळे ओठ वाचल्यापासून माझी झोप गेली आहे.

म्हणून या पत्रासोबत काडेपेटीत एक रेझिस्टर ठेवला आहे, रंगीत पट्ट्यांचा. मण्याच्या दोन्ही वायरी कापायच्या आणि त्या जागी हा जोडायचा. डाग द्यायला तुझ्याकडे काही नाही, तेव्हा वायर घट्ट पिळून चिकटपट्टी गुंडाळ. हा रेझिस्टर चार्जरला रात्रंदिवस एकच सांगत राहील, की सगळं थंड आहे. मग चार्जर पूर्ण धार सोडेल.

खरं सांगतो, हे मी दुकानात कुणाला करू देत नाही. गेल्या वर्षी एका पोराला यावरूनच कामावरून काढायला लावलं. रखवालदाराला सुट्टी देऊन दार उघडं टाकण्यासारखं आहे. पण दार सावलीत आणि वाऱ्यात असेल, तर दोन महिने निघतील. फक्त एक कर. रोज दुपारी पेटीला हात लाव. कोमट असली तर ठीक. हात ठेववत नसेल इतकी गरम लागली, तर लाल वायर ओढून काढ आणि मला कळव. विसरू नकोस. आत्यांची शपथ घालतो.

नाताळला मी नवा मणी घेऊन येतोच. तोवर आत्यांचे टोमणे साठवून ठेव, सगळे एकदम ऐकतो.

तुझा,
फेआओ


मोतुहिफो,
३१ ऑक्टोबर

चि. फेआओ यास,
ताईचे पोट भरून आशीर्वाद. आज बातमी चांगली आहे.

तुझा रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टर लावला.  दुपारी मीटर पाहिलं तर तीन! डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून पाद्रीणबाईंना बोलावून वाचायला लावलं. त्यांनीही तीनच वाचलं. त्या दिवसापासून मशीन रात्रभर चालतंय. सकाळी आत्या गाणी म्हणत उठतात, आणि तुला माहीत आहे त्यांचा आवाज कसा आहे ते. कोंबड्यासुद्धा घाबरतात.

तुझी शपथ विसरले नाही. रोज दुपारी पेटीला हात लावते. छान कोमट लागते. आत्या म्हणाल्या की पोरगं मीठ, मणी, काय काय सांगत होतं, नाचता येईना अंगण वाकडं. पण ते प्रेमानं म्हणाल्या. आणि लगेच तुझ्या पेटीचा मान वाढवला. आधी त्यांची बारीक विणीची चटई पेटीवर एकेरी घातलेली असायची. आता ती दुहेरी केली आहे आणि चारी बाजूंनी खोचली आहे, वरून जाडी चटईही घातली आहे. ती बारीक चटई तुला आठवते का? आजीनं केवड्याची पात वाळवून विणायला घेतलेली, आत्यांनी पुरी केलेली. त्यांना शेवटी ज्यात गुंडाळायचं, ती. ट्रंकेत ठेवायची सोडून पेटीवर का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की माझा श्वास ज्या पेटीत आहे तिला माझी चटई नको? तू ईस्टरनंतर बोटीत बसलास त्याच संध्याकाळी त्यांनी ती घातली होती. किती मान आहे तुझ्या कामाचा, बघ.

थोडा गोडसर वास येतो अलीकडे खोलीत, जास्त पिकलेल्या फळासारखा. आत्या म्हणतात चटईच्या तेलाचा. मलाही तसंच वाटतं.

पावसाळी ढग येऊ लागलेत. बोटीवाला म्हणत होता की पुढच्या खेपेचा भरवसा नाही. तू मात्र नाताळला ये. लू करीन तुझ्यासाठी, अळूच्या पानात नारळाचं घट्ट दूध घालून. खाताना आवाज केलास तरी आता कुणी बोलणार नाही.

तुझी ताई, माया तशीच ठेवशील याची खात्री असलेली


नुकुआलोफा,
९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार नंतर. आधी उठ, आत्यांच्या खोलीत जा आणि पेटीवरची चटई काढ. दोन्ही चटया. मग लाल वायर ओढ, मशीनची वायरही काढ, आणि पेटी घराबाहेर, वाळूवर, घरापासून लांब नेऊन ठेव. हे करून मग पुढचं वाच.

केलंस? आता ऐक. मणी खोटं बोलत नव्हता. पेटी खरोखर तापत होती, कारण ईस्टरपासून ती चटईखाली आहे; थंडीच्या महिन्यांत निभावलं, दिवस तापू लागले तसं निभेना. त्याच्या जागी मी जे बसवलं ते खोटं बोलतंय, मी त्याला तेच शिकवून पाठवलं. तू हात लावलास तो चटईवरून लावलास, म्हणून कोमट लागलं. आत काय आहे ते देव जाणे. आणि तो गोड वास चटईच्या तेलाचा नाही. बॅटरी फुगून फाटायला लागली की आतलं रसायन तसा वास सोडतं. त्यानंतर फार वेळ उरत नाही. अशी पेटलेली बॅटरी मी एकदा पाहिली आहे. पाण्यानं विझत नाही, पिचकाऱ्या मारत जळते. आत्यांचा पलंग तिला लागून आहे, ताई.

मी विचारलं होतं, पेटीवर काही ठेवलंय का. तू लिहिलंस, नाही. तू खोटं बोलली नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. आत्यांची चटई म्हणजे ठेवलेली वस्तू थोडीच असते? आपल्यापैकी कुणालाच ते सुचलं नसतं. कुण्या परक्यानं विचारलं असतं, की बाई, पेटी झाकली आहे का, तर कदाचित उलगडा झाला असता. मी घरचा, मी घरच्यासारखं विचारलं.

आत्यांची वस्तू त्यांच्याखेरीज कुणी हलवायची नाही, हे मला कळतं. हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्यांनी आपल्या हातानं चटई काढली तर माझं भाग्य. नाही काढली, तर तू काढ. त्यांच्या मनाविरुद्ध काढ. वडिलांच्या थोरल्या बहिणीचा शब्द मोडायला लावणारा भाचा म्हणून जे काही यायचं ते माझ्यावर येऊ दे.

पेटी काढली की आत्या रात्री कशाच्या आधारानं श्वास घेणार, हे मला कळत नाही असं समजू नकोस. म्हणूनच मी लगेच निघत नाही, नवी पेटी बांधतोय. दिवसरात्र बसलो आहे. ती घेऊनच येतो. तोवर त्यांना बसवून झोपव, एकटं सोडू नकोस.

तुमच्या गावप्रमुखांच्या रेडिओवर निरोप द्यायला धावलो होतो. बंदरावरचा माणूस म्हणाला की मोतुहिफोचा रेडिओ महिनाभर उत्तर देत नाही. मग आठवलं. त्या रेडिओची बॅटरी दुरुस्तीला माझ्याच दुकानात आली आहे. माझ्या फळीवर पडली आहे, सुट्या भागाची वाट बघत. ताई, मला रडू आलं.

नेहमीची बोट वादळामुळे बंदरात अडकली आहे. एक मासेमारीची बोट हवा उघडल्याबरोबर तुमच्या बाजूला जाणार आहे. ती माणूस घेत नाही, पत्र घेते म्हणाली. देव करो आणि तू हे वाचायच्या आधीच कुणीतरी ती चटई उचललेली असो.

फेआओ


मोतुहिफो,
१२ नोव्हेंबर, शनिवार

चि. फेआओ यास,
आशीर्वाद.

बोट आली नाही. येईल तेव्हा देता यावं म्हणून लिहून ठेवते. वारा सुटलाय आणि गारठा आहे, इथल्या मानानं. आत्या मजेत आहेत. म्हणतात पेटी आता छान ऊब देते, पाय तिला लावून झोपतात. चटईवरूनसुद्धा ऊब लागते. वास मात्र वाढलाय, माझं डोकं दुखतं. उद्या रविवार, काम करता येत नाही, म्हणून परवा सगळी खोली धुऊन काढीन म्हणते. पेटीला हात लावायची तेवढी परवानगी आत्यांकडून

१४ नोव्हेंबर, सोमवार

वरचं वाक्य पुरं करत नाही. शनिवारी इथवर लिहिलं आणि दिवेलागण झाली म्हणून ठेवून दिलं.

काल सगळे देवळात होते. आत्यांना आता तेवढं चालवत नाही, त्या मशीनचा मुखवटा लावून पडल्या होत्या. उपदेश लांबला. जमिनीतल्या भट्टीत लू ठेवलं होतं, ते जळेल या धास्तीनं मी मधेच उठले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे वटारले. जळू दे लू, बसून राहते, असंही एकदा मनात आलं होतं. तेव्हा बसले असते तर?

दारातूनच दिसलं, खोलीत धूर. पांढरा, जाड, जमिनीलगत. मशीनचा आवाज नव्हता. आत्या पलंगावर उठून बसल्या होत्या, तोंड उघडं, पण शब्द फुटत नव्हता, श्वासच नव्हता. पेटीवरची जाडी चटई बाजूला घसरलेली, खालची बारीक तशीच, चारी बाजूंनी खोचलेली, आणि मधोमध तपकिरी होत चाललेली. आत काहीतरी सापासारखं फुसफुसत होतं.

फेआओ, मी उभी राहिले. तुला खरं सांगते, मी त्या चटईकडे बघत नुसती उभी राहिले. माझा हात उठेना. लहानपणापासून ज्या वस्तूवरून साधा हात न्यायचा नाही, तिला ओढायचं कसं? मी आत्यांकडे बघितलं, की त्या हो म्हणतील. त्यांना म्हणताच येत नव्हतं. मग मी चटईची दोन टोकं धरली, आणि पेटी तिच्यातच गुंडाळून फरफटत दाराबाहेर काढली, वाळूपर्यंत. तिथं ती पेटली. माडाच्या उंचीच्या ज्वाळा उडाल्या. चटई मी ओढून घेतली, वाळूत आपटून विझवली. मधोमध ताटाएवढं भोक पडलंय. माझे हात थोडे भाजले आहेत, लिहिता येतंय म्हणजे फार नाही.

आत्या वाचल्या. आणि आता मशीन चालवायला काही नाही. आगीतून फुफाट्यात. काल रात्री त्यांना बसवून मी पाठीला पाठ लावून बसले. दर थोड्या वेळानं त्यांचा श्वास अडकतो, मी कोपर मारते, तो सुरू होतो. कालपासून त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. चटई मांडीवर घेऊन भोकाच्या कडेवरून बोट फिरवत बसतात.

तुझी पेटी वाईट होती असं मी म्हणणार नाही. कुणाचं चुकलं ते मला कळत नाही आणि आत्ता कळून घ्यायचंही नाही. तू ये.

ताई


मोतुहिफो,
१८ नोव्हेंबर

भाचा फेआओ यास,

मी, हिंगानो, सांगते आहे आणि तुझी बहीण लिहिते आहे. मधे तिनं स्वतःचं काही घातलं तर मला कळेल, मी शेजारीच बसले आहे.

तुझं पत्र आज सकाळी मासेवाल्यांच्या बोटीनं आलं. तोआकासेनं वाचून दाखवलं आणि मग रडत बसली. मी तिला म्हटलं की रडायचंच असेल तर भांडी घासत रड. तुझ्या पत्रात माझ्या चटईबद्दल फार लिहिलं आहेस. चटई मी घातली. कुणाला विचारून घातली नाही, मला कुणाला विचारायची सवय नाही. पेटीला श्वास लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, हे तू मला विचारू नकोस. तेव्हा दोघांनी आपापसांत पाप वाटून घेणं बंद करा. माझ्या वाट्याचं मला राहू द्या, मी थोरली आहे.

पाच दिवस मी या मुलीशी बोलले नाही. तिला वाटलं रागानं. राग नव्हता. माझ्यादेखत माझी वस्तू हिसकायची हिंमत या घराण्यात कुणात आहे, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं, आणि काय बोलावं ते सुचेना. आज सांगितलं तिला. तेव्हा ती पुन्हा रडली. काय करावं हिचं.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात बोटीत घालून शहरात नेऊ. उघड्या बोटीत, लाटांवर, रात्रभर आडवी? मी नाही जात. इथं बसून वारा तरी येतो.

आता माझं सांगणं ऐक. मला त्याच चटईत गुंडाळायचं. नवी आणायची नाही, भोक बुजवायचं नाही, मी आयुष्यभर भोकं बुजवली. भोक वरच्या बाजूला ठेवायचं, लोकांना दिसेल असं. कुणी विचारलं तर सांगायचं की इथून भाचीनं मला बाहेर काढलं. आणि तू पेट्या करणं सोडशील, असं मला तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं. सोडायचं नाही. तू बांधतो आहेस ती नवी पेटी परत नेऊ नकोस. गावप्रमुखाच्या रेडिओला लाव, म्हणजे या बेटावर पुन्हा कुणाला जीव वाचवायचा निरोप पत्रातून यायची वाट बघावी लागणार नाही. आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिही की कुणीही, कितीही थोर असो, हिला पांघरूण घालू नये. माझा शब्द म्हणून लिही. म्हणजे ऐकतील.

भात खाताना तोंड मिटत जा.

माया आहेच, ती बोलून दाखवायची पद्धत माझी नाही.

आत्या हिंगानो

ता. क. – फेआओ, हे मी, ताई. भरती नव्हती म्हणून मासेवाले रात्रीपुरते थांबले, तेव्हा पाकीट पुन्हा उघडलं. आज शनिवार, सकाळ. आत्या पहाटे गेल्या. माझी पाठ त्यांच्या पाठीला होती. मी कोपर मारलं, पुन्हा मारलं, त्या म्हणाल्या होत्या तसं जोरात हलवलंही. नाही उपयोग झाला.

नवी पेटी आण, ती रेडिओसाठी. त्यांचा शब्द आहे. आत्यांसाठी काही आणू नकोस. काळे कपडे आण, आणि सुतकात कमरेला नेसायच्या दोन मोठ्या, जुन्या, फाटक्या चटया आण, एक तुझ्यासाठी, एक माझ्यासाठी. आत्यांच्या मागं आपण भाचरं, सगळ्यांत फाटकी चटई आपण नेसायची. मी सगळं घर शोधलं, फेआओ. आपल्या घरात फाटकी चटई एकही नाही.